वार बघून परत देणाऱ्या बाई

बाईंच्या पर्समध्ये एक फोटो असायचा. त्यांच्या वयाच्या बायका पर्समध्ये नातवंडांचे फोटो ठेवतात, त्यामुळे एसटीत शेजारी बसलेली बाई कौतुकानं वाकून बघायची आणि मग तिचा चेहरा पडायचा. कारण फोटोत लहानमोठे करडे गोल असायचे, बाकी काही नाही. एकदा नगर-शेवगाव गाडीत कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय बाई, वाटानं?"

"वाटाणे नाहीत हो. पुड्या आहेत," बाई म्हणाल्या. "पोटातल्या बाळाची वार आईच्या रक्तात सोडते त्या."

कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि तो गडबडीनं पुढच्या सीटकडे गेला. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी फोटो पुसला, पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाटाणे वाईट नाही हं. वाटाण्यालाही साल असते."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन म्हणून लागले होते. वडील साखर कारखान्यात फिटर, घरात पगाराची नोकरी मिळवणारी मी पहिलीच मुलगी. लॅबच्या मुख्य डॉक्टर म्हणजे या बाई. सगळं हॉस्पिटल त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. रक्त, लघवी, थुंकी, सगळ्या तपासण्या त्या मन लावून करायच्या, पण जीव होता तो वारेत. बाळंतपणात बाळामागून जी पडते ती वार. बाकीच्या हॉस्पिटलांत ती बादलीत जायची आणि बादली खड्ड्यात. आमच्याकडे ती बाईंच्या घरून आणलेल्या पितळी परातीत यायची.

बाई परातीपुढे स्टूल ओढून बसायच्या, हातमोजे चढवायच्या आणि म्हणायच्या, "कशी आहेस गं? दमलीस का?" पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी "नाही बाई" म्हटलं. तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा परातीत पडला.

त्यांचं म्हणणं असं होतं. आई आणि बाळ यांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मग आईच्या शरीराला कळतं कसं, की आत कुणीतरी आलंय आणि ते परकं असलं तरी हुसकून लावायचं नाही? तर वार निरोप पाठवते. आपल्या अंगाचे बारीक बारीक कण काढते, ते नीट पातळ पापुद्र्यात बांधते आणि आईच्या रक्तात सोडते. किराणा दुकानदार कागदात हळद-जिरं बांधून देतो तशा पुड्या. पुस्तकं तेव्हा त्याला कचरा म्हणायची, झिजलेल्या वारेचा चुरा. हा शब्द लॅबमध्ये कुणी काढला की बाई भडकायच्या. "कचरा? घरातला कचरा तू पुड्या बांधून टाकतेस का गं? ज्या अर्थी बांधलंय, त्या अर्थी कुणाला तरी द्यायचंय!"

हॉस्पिटलातले डॉक्टर मग साहजिकच त्यांच्यामागे म्हणायचे, की बाई पुड्या सोडतात. बाईंना हे माहीत होतं. एकदा तर डिलिव्हरीच्या डॉक्टरांना त्या स्वतःच म्हणाल्या, "सोडते की. तुम्ही एक तरी उघडून बघा."

दुर्दैव असं, की उघडून बघण्याची सोय आमच्याकडेही नव्हती. तो फोटो पुण्याच्या एका ओळखीच्या माणसानं मोठ्या यंत्राखाली काढून दिलेला. आमच्या सूक्ष्मदर्शकात आईचं रक्त फिरवून, गाळ काढून, रंग देऊन बघितलं तर नुसती धूळ दिसायची. त्यातल्या त्यात मोठे तुकडे ओळखता यायचे, तेवढेच. पण बाई तीच धूळ रोज मोजायच्या. कमी, मध्यम, फार. त्यांचा अंदाज होता, की वार त्रासात असली की धूळ फार होते आणि मग आईचं ब्लडप्रेशर चढतं. सिद्ध काही नव्हतं. "सिद्ध नाही, संशय आहे," असं त्या स्वतःच सांगायच्या. वहीत पेन्सिलीनं लिहायच्या, कारण शाईवर औषध सांडलं की अक्षरं वाहून जातात.

आज या कणांना मोठं नाव आहे. वीर्यात, रक्तात, दुधात ते सापडतात, जगभर लोक त्यांच्यामागे लागलेत. एका प्रशिक्षणात पडद्यावर ते गोल दिसले आणि मला शेजारणीचा रुमाल मागावा लागला. बाई हे बघायला राहिल्या नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

वीर्यावरून आठवलं. मूल होत नाही म्हणून जोडपी यायची आणि दर वेळी बायकोच पुढे केलेली असायची. बाई चष्म्यावरून नवऱ्याकडे बघायच्या. "आणि तुमची तपासणी?" तो गडी इकडेतिकडे बघायला लागायचा. "अहो, तुमच्याकडूनही पुड्या जातात. तुमच्या बिजाबरोबर शिदोरी जाते. ती बघायला नको? का फक्त हिलाच उलटंपालटं करायचं?" निम्मे नवरे तिथूनच पळायचे. एकाच्या मागे बाई फाटकापर्यंत बाटली घेऊन गेल्या होत्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाई लुना चालवायच्या, तीही अशी की उसाची बैलगाडी मागून येऊन पुढे जायची. कपाटाला कुलूप लावत नसत. "मी शिंगणापूरच्या शेजारच्या गावची. आम्हाला सवय नाही," म्हणायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, रविवारी चर्च चुकायचं नाही. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि तरी वारेच्या मडक्यात हळदीकुंकू घालायचं ते त्याच. हे जरा सांगायला हवं. आमच्या भागात वार घराच्या अंगणात पुरतात आणि त्या जागेवर बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी सोडतात. वार कुठंतरी फेकली, कुत्र्यानं ओढली, तर बाळाला बाधतं अशी बायकांची समजूत. हॉस्पिटलात ती मिळत नाही, म्हणून कितीक सासवा सुनेला हॉस्पिटलात आणायलाच तयार नसत. बाईंनी एक पद्धत काढली. वार आली की घरच्यांना सांगायचं, "मी बघून चार वाजता परत देते." ती स्वच्छ धुवायची, बारीक तुकडे तपासायला काढून घ्यायचे, बाकीची नवीन मडक्यात ठेवायची, वर फडकं बांधायचं. आधी विचारायचं, "हळदीकुंकू चालतं का?" आमच्यासारख्या बौद्ध घरांतून "नको" आलं तर नको. बाळ गेलेलं असेल तर मडकं तसंच, फडकंही तितकंच पांढरं. "तिची वार म्हणून काय कमी राबली का?" बाई म्हणायच्या. या मडक्यांमुळे आमच्याकडे बाळंतपणं वाढली, हे ट्रस्टींनीही कबूल केलं होतं.

आता माझी चूक सांगते.

त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. पाचची गाडी पकडायची होती. लॅबमध्ये दोन वारा होत्या. एक श्रीगोंद्याकडच्या कारखान्यातल्या कामगाराच्या बायकोची. तिला सकाळी मुलगा झाला होता, गुटगुटीत. दुसरी शेवगावपलीकडच्या सिंधूची. सिंधूचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि असं गेलेलं हे तिचं तिसरं. प्रत्येक वारेच्या नाळेला आम्ही नंबराची पट्टी दोऱ्यानं बांधायचो. मी दोन्ही एकाच टबात धुतल्या, पट्ट्या सुटल्या. कुणाला न सांगता मी त्या अंदाजानं परत बांधल्या आणि बाईंपुढे दोन पराती ठेवून पळाले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवताहेत.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातली आया सहज बोलून गेली, "काल चिमटं संपलं हुतं बघा. त्या शेवगावच्या पोरीच्या नाळंला दोराच बांधला दोन्हीकडं." चिमट्याऐवजी दोरा बांधलेली नाळ मला आठवत होती. ती लहानशा, घट्ट, जागोजागी चुन्यासारखे पांढरे डाग पडलेल्या वारेची होती, आणि तिच्यावर मी श्रीगोंद्याचा नंबर लावला होता. मडकी घरोघरी गेलेली. तुकड्यांच्या बाटल्यांवर चुकीची नावं.

मी बोलले नाही. नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. वडिलांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेले. मी स्वतःला सांगितलं, की दोन्ही वारा पुरून झाल्या, आता कुणाचं काय बिघडतंय.

बिघडायला तिसऱ्याच दिवशी सुरुवात झाली. सिंधूची सासू आणि नवरा अहवाल विचारायला आले. सासू उंच, काटक, डोक्यावर पदर घट्ट. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "वारेत मला काही दोष दिसला नाही. चांगली भरलेली होती."

"म्हंजी खोट पोरीतच हाय," सासू म्हणाली.

"मी तसं म्हटलेलं नाही."

"तुमी न्हाई म्हनल्या तरी आमाला कळतंय की." आणि ती निघाली. नवरा मान खाली घालून तिच्यामागे गेला. मी रक्त फिरवायच्या सेंट्रिफ्यूजच्या आड उभी होते, मशीन बंद होतं तरी.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून लाज वाटते. कारण बाई कोड्यात पडल्या. सिंधूच्या रक्तात त्यांना धूळ फार दिसली होती, फार म्हणजे वहीत तीनदा अधोरेखित केलेली. आणि वार म्हणे उत्तम! उलट श्रीगोंद्याच्या बाईचं रक्त स्वच्छ आणि वार मात्र बघवेना अशी. बाई रात्रंदिवस तेच घेऊन बसल्या. काचा पुन्हा पुन्हा बघितल्या. डबा तसाच परत जायला लागला. "एवढ्या खराब वारेतून ते बाळ इतकं गुटगुटीत कसं गं?" मला विचारायच्या. मी खाली बघायचे. शेवटी एका दुपारी त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी चुकीचं मोजलं असणार. धूळ म्हणजे धूळच असेल." त्या दिवशी त्यांनी पर्समधला तो फोटो काढून टेबलाच्या खणात टाकला. ते बघूनही मी गप्पच राहिले, इतकी मी भित्री.

नवव्या दिवशी तीच आया म्हणाली, "त्या सिंधूच्या नवऱ्याचं दुसरं लगीन ठरतंय म्हनं. पोरीला माहेरी धाडनार हायती. डाक्टरीनबाईच म्हनली की खोट तिच्यात हाय म्हनून, असं सासू सांगती सगळीकडं."

मी तडक बाईंच्या टेबलाशी गेले आणि सगळं सांगितलं. पाहुणे, टब, पट्ट्या, दोरा.

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता घरी पाठवणार. त्या म्हणाल्या, "मी मूर्ख म्हातारी. रक्त ओरडून सांगत होतं आणि मी पट्टीवर विश्वास ठेवला." मग माझ्याकडे न बघता, "उद्या सकाळची पहिली गाडी. आधी श्रीगोंदा, परवा शेवगाव. डबा आण. माझ्याशी आज बोलू नकोस."

"बाई, श्रीगोंद्याला कशाला सांगायचं? त्यांचं बाळ चांगलं आहे. उगाच मनात किडा."

"त्यांच्या अंगणात दुसऱ्याची वार आहे. त्यांना माहीत नको?"

श्रीगोंद्याला कारखान्याच्या चाळीत बाळाची आजी दारातच बसली होती. बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, की माझ्या हातून अदलाबदल झाली. 'माझ्या' म्हणाल्या. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. आजीला समजायला वेळ लागला.

"मंग आमची कुटं हाय?"

"शेवगावकडे. मडकं नेताना म्हणाले होते, शेतात लिंबाखाली पुरू."

"आन् ही त्यांची. त्यांचं लेकरू?"

"गेलं. पोटातच."

आता ही बाई आकांत करणार, म्हणून मी दोन पावलं मागं सरकले. आजी अंगणातल्या न्हाणीच्या दगडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उकरू नगा. ऱ्हाऊ द्या तिला हितंच. रोज पोराच्या अंगावरचं पानी पडतंय तिच्यावर. त्या माउलीला सांगा जाऊन."

दुसऱ्या दिवशी शेवगाव. तिथून टेम्पो, मग पायी. सिंधूचं घर गावाच्या कडेला. सासू अंगणात तूर पाखडत होती. सिंधू चुलीपाशी, तिचं गाठोडं भिंतीला टेकवून ठेवलेलं. नवरा बाजेवर. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. "चूक माझी. जी वार चांगली म्हणाले, ती तुमची नव्हतीच. तुमची मी आता बघितली. ती आतून वाळत चालली होती."

"तुमी एवढ्या शिकलेल्या आन् तुमीच असं करायचं?" सासूनं सूप खाली ठेवलं. "गावभर मी काय काय बोलून बसले!"

"करायला नको होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पदरानं पुसत होते.

"मंग खोट वारंत हुती म्हना. वार तर हिचीच की."

"नाही." बाईंनी मान वर केली. हा त्यांचा प्रांत होता. "वार आई करत नाही. वार बाळाबरोबर उगवते. बाळात जेवढं आईचं, तेवढंच बापाचं. तसंच वारेत. तुमच्या मुलाचा निम्मा वाटा आहे त्या वारेत. दुसरी बायको आणलीत, तर तिच्या पोटातल्या वारेतही निम्मा वाटा ह्याचाच असणार."

नवरा बाजेवरून उठून उभा राहिला.

बाईंनी आवाज खाली आणला. "कुणाची खोट नाही हो, मावशी. वार धडपडत होती. हिच्या रक्तात निरोपावर निरोप सोडत होती. आम्हीच वेळेवर ऐकलं नाही. पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यापासून हिला माझ्याकडे आणा. आमचे डॉक्टर रक्त पातळ ठेवायची बारीक गोळी देतील, दर पंधरा दिवसांनी प्रेशर बघतील, मी रक्त बघीन. खात्री देत नाही. पण हिला पाठवून देऊ नका."

सिंधू चुलीपासून उठून आली. तिनं बाईंना विचारलं, "माजी कुटं हाय?"

बाईंनी सांगितलं. दगड सांगितला, पाणी सांगितलं, आजीचा निरोप सांगितला.

"मंग बरं हाय," सिंधू म्हणाली, आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. सासूनं आमच्याकडे पाठ केली. जरा वेळानं नुसतं म्हणाली, "चा घिऊन जावा." नंतर तिनंच ते गाठोडं उचलून आत नेलं.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "बाई, माझं नाव का नाही घेतलंत?" त्या खिडकीतून बघत म्हणाल्या, "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला शिव्या दिल्या असत्या आणि अहवालावर विश्वास ठेवला नसता. डॉक्टरची चूक डॉक्टरनं सांगितली तरच लोक ऐकतात." मग जरा थांबून, "आणि तुझं लग्न व्हायचंय." त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी जी काही आहे ती त्यामुळे आहे, हे मी मोकळेपणानं सांगते.

दीड वर्षानं सिंधूला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच काढावी लागली, कारण प्रेशर चढायला लागलं आणि त्याच्या आधीच बाईंच्या वहीत धूळ वाढली होती. सव्वाचार पौंड, पण रडली ती साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. बाई त्या दिवशी लॅबमध्ये गुणगुणत होत्या, तेही भसाड्या आवाजात.

चौथ्या दिवशी बाळाच्या काविळीचा रिपोर्ट न्यायला सासू आमच्या खिडकीशी आली. बाई चहाला गेल्या होत्या. मी कागद दिला आणि माझ्यानं राहवेना. "मावशी," मी म्हटलं, "त्या वेळची चूक बाईंची नव्हती. माझी होती. पट्ट्या मी बदलल्या होत्या."

तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "बाई बोलत हुती आन् रडत तू हुतीस."

"मग तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"तिनं येवढ्या लांब यिऊन ती चूक आपल्या अंगावर घेतली," सासू म्हणाली, "मंग मी कशापाई काढून तुझ्या अंगावर टाकायची?"